दोन प्रतींचा निबंध

मुलींच्या वाचनपुस्तकातला एकोणिसावा धडा दरवर्षी दिवाळीच्या आधी यायचा, आणि सारजाबाई मास्तरीण तो उभ्यानं शिकवायची. बाकीचे धडे ती खुर्चीत बसून शिकवी. हा बसून शिकवला तर हात थरथरतात आणि ते पोरींना दिसतात. उभं राहून पुस्तक दोन्ही हातांनी घट्ट धरलं की दिसत नाहीत, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

धड्याचं नाव ‘आईचा शेवटचा दिवस’. लेखक सिद्धाराम मास्तर. सोलापुरात त्यांचं नाव मोठं होतं. सभेत अध्यक्ष, वाचनालयात सल्लागार, आणि निबंध शिकवावा तर त्यांनीच. धड्यात मानमोडीच्या साथीत एका खेड्यातली बाई मरते आणि तिचा मुलगा जवळ बसून ते पाहतो. त्यातलं एक वाक्य तर साऱ्या जिल्ह्याला पाठ झालेलं: ‘आईची नजर भिंतीला टेकलेल्या पामरावर खिळली होती.’ शाळा तपासायला आलेले साहेब हटकून विचारायचे, “लेखकानं स्वतःला पामर का म्हटलं आहे?” आणि पोरी एका सुरात सांगायच्या, “नम्रतेमुळे!”

सारजा हे सात वर्षं ऐकत होती. आई तिची होती. धडा तिनं लिहिलेला होता. आणि भिंतीला टेकलेला पामर कुणी नव्हताच. ती पाभर होती, ज्वारी पेरायची पाभर.

मोडनिंबच्या जवळच्या एका वाडीत तिचा जन्म. एकोणीसशे अठरा साली ती बारा वर्षांची होती. पाऊस त्या साली बेताचा, पण हस्ताची थोडी ओल मिळाली होती आणि तेवढ्या ओलीवर पेरून घ्यायची सगळ्यांची घाई. नेमकी त्याच पंधरवड्यात मानमोडी आली. घराघरात माणसं आडवी. सारजाची आई बजाबाई तिसऱ्या दिवशी बोलायची थांबली. तिनं पोरीकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं नाही. भिंतीला पाभर टेकवून ठेवली होती, तिच्याकडे एकटक पाहत पाहत ती गेली. आठ दिवसांनी पलीकडच्या गावाहून निरोप आला की सारजाचा नवराही गेला. त्याचं तोंड तिनं लग्नातसुद्धा धड पाहिलं नव्हतं.

तिचा बाप धोंडीराम पोरीला घेऊन सोलापुरात आला, गिरणीत लागला. साखर पेठेत एक खोली घेतली. पोरगी शाळेत हुशार निघाली. पण अठरा वर्षांची होत आली तशी शेजारणी म्हणू लागल्या की हिला सूत उकलायच्या खात्यात घाला, मास्तरीण होऊन काय दिवे लावणार? धोंडीरामलाही ते पटत चाललं होतं. तेव्हा सिद्धाराम मास्तर स्वतः त्याच्या खोलीवर आले. पांढऱ्याशुभ्र धोतरानिशी घोंगडीवर बसले आणि दोन तास बोलले. “धोंडीराम, ही मुलगी तुझी आहे तशी माझीही आहे,” असं म्हणाले. त्या दिवसापासून धोंडीराम त्यांना देवमाणूस म्हणू लागला.

वर्गात मास्तर कथात्मक निबंध शिकवत. फळ्यावर खडूनं एक रेघ काढत. आधी सपाट, मग चढत जाणारी, वर टोक, मग उतार. “ही तुळजापूरची वाट,” ते सांगत. “सोलापुरातून निघालात, सपाटी लागली. हा आरंभ. कोण, कुठं, कधी ते इथं सांगून टाका. मग काहीतरी अडतं. बैल बसतो, जू मोडतं. ती गाठ. मग घाटाचा चढ. वाचणाऱ्याचा श्वास वाढला पाहिजे. वर कळस. आणि मग उकल, खाली उतरायचं, पण ज्या माणसानं चढायला सुरुवात केली तोच माणूस उतरता कामा नये. लिहिण्याआधी ही रेघ काढा. कळसावर काय ठेवायचं ते ठरलं नसेल तर लेखणी उचलू नका.”

सारजानं रेघ काढली आणि कळसावर पाभर ठेवली. एका दमात आईचं मरण लिहून काढलं. ‘आईची नजर भिंतीला टेकलेल्या पाभरीवर खिळली होती. तिच्या चाड्यात अजून एक मूठही पडली नव्हती.’ पेरताना ज्या वाटीत बी सोडतात ते चाडं. वही तिनं मास्तरांच्या हातात दिली. चार दिवसांनी मास्तर म्हणाले, “सारजे, तुझी वही गहाळ झाली गं. दुसरा निबंध लिही.” तिनं दुसरा लिहिला.

दोन वर्षांनी ती शिक्षिका झाली होती. वाचनालयात एक मासिक चाळताना तिला आपली आई भेटली. खाली मास्तरांचं नाव. मुलीचा मुलगा केला होता. भ चा म वाचला होता. घाईत काढलेली तिची पाभर मास्तरांना पामरी वाटली होती, म्हणजे पोरीनं स्वतःला म्हटलेलं. त्यांनी पामरीचा पामर करून घेतला. आणि चाड्याचं वाक्य लागलंच नाही म्हणून गाळून टाकलं.

ती तशीच उठून त्यांच्या घरी गेली. मास्तर ओसरीवर पान लावत बसले होते. ते घाबरले नाहीत, हेच तिला पुढं कित्येक वर्षं आठवत राहिलं.

“ते मी लिहिलंय, मास्तर.”

“बस आधी,” मास्तर म्हणाले. “कच्चं होतं ते. मी त्याला घाट दिला. आणि तुझं नाव छापलं असतं, तर कुणी वाचलं असतं का सांग? माझ्यामुळं तुझी आई अमर झाली. ज्या गुरूनं लिहायला शिकवलं त्याच्याशी हिशेब मांडू नये.”

तिनं बसायचं नाकारलं. उभ्यानंच म्हणाली, “आई माझी मेली.”

“वही कुठं आहे तुझ्याकडं?” मास्तरांनी विचारलं, अगदी शांतपणे.

वही अर्थातच तिच्याकडे नव्हती.

पुढं तो निबंध वाचनपुस्तकात धडा म्हणून लागला, आणि सारजाच्या वाट्याला त्याच इयत्तेचा वर्ग आला. बापाला तिनं काही सांगितलं नाही. धोंडीराम अजूनही रस्त्यात मास्तर दिसले की पायताण काढून उभा राहायचा. ते पाहून घरी आल्यावर तिला जेवण जायचं नाही. माणसं म्हणतात, राग काळानं निवतो. सारजाचा राग शिळा झाला नाही. तो दरवर्षी दिवाळीच्या आधी ताजा वाढला जायचा.

चौतीस साली एका वाचनालयानं शारदोत्सवात शिक्षकांसाठी निबंधाची स्पर्धा ठेवली. विषय, ‘माझ्या आयुष्यातील एक प्रसंग’. निबंध नावाशिवाय, नुसत्या क्रमांकानं द्यायचे. पहिला येईल त्यानं तो भर सभेत स्वतः वाचून दाखवायचा. परीक्षक तीन, मुख्य परीक्षक आणि सभेचे अध्यक्ष सिद्धाराम मास्तर.

ते पत्रक शाळेच्या भिंतीवर लागलं तेव्हा सारजा त्याच्यासमोर इतका वेळ उभी राहिली की बसम्मानं येऊन तिच्या खांद्याला हात लावला. बसम्मा अक्कलकोटकडची, घरी कानडी बोलणारी, शेजारच्या वर्गाची शिक्षिका. सारजाची गोष्ट माहीत असलेलं जगात एवढं एकच माणूस होतं.

“काय करणार?” बसम्मानं विचारलं.

“त्याचा मुखवटा त्याच्याच हातानं काढायला लावणार,” सारजा म्हणाली.

पहिला खर्डा तिनं एका रविवारी दुपारी लिहिला. नऊ पानं. बसम्मानं तो वाचला आणि कागद खाली ठेवले.

“अय्यो, हे नळावरचं भांडण झालं की! पहिल्याच ओळीत चोर, दुसऱ्या ओळीत चांडाळ. तिसऱ्या ओळीपर्यंत कोण वाचणार? आणि परीक्षक तोच. चुलीत घालेल.”

सारजाला राग आला, पण बसम्मा खरं बोलत होती. नऊ पानांत चढ नव्हताच. सगळा कळसच कळस. तिनं ते कागद फाडले, सारवलेल्या जमिनीवर खडू घेऊन बसली आणि तुळजापूरची वाट काढली. सपाटी, चढ, टोक, उतार. रेघ काढताना तिच्या लक्षात आलं की हात अगदी त्याच्यासारखा वळतो आहे. टोकाशी थोडा थांबून, खडू दाबून. तिला शिसारी आली. तरी तिनं रेघ पुसली नाही. त्याचंच शस्त्र होतं, म्हणून तर ते त्याच्या वर्मी बसणार होतं.

कळसावर काय, हे ठरलेलं होतं. वाचनालय, उघडं मासिक, आणि ते वाक्य. पण हा कळस परीक्षकांच्या हाती जाऊन चालणार नव्हता. म्हणून दोन प्रती. एक त्यांना द्यायची, एक सभेत वाचायची. चढापर्यंत दोन्ही एक, अक्षरन् अक्षर सारख्या. कळस तेवढा वेगळा. द्यायच्या प्रतीत वही खरोखरच गहाळ होते. पावसात छप्पर गळतं, वही भिजून लगदा होते, गुरुजी हळहळतात, मुलगी पुन्हा लिहिते आणि शहाणी होते. त्याचंच खोटं त्याला गोड करून परत द्यायचं.

“आणि गाठ?” बसम्मानं विचारलं.

“मुलगी वही गुरुजींच्या हातात देते, ती गाठ.”

“मग आरंभात गुरुजी कसा दाखवणार?”

सारजानं खडू खाली ठेवला. ही अडचण तिच्या आधी लक्षात आली नव्हती. ऐकणाऱ्यांचा गुरुजींवर जीव बसला तरच कळसावर त्यांच्या काळजाला घरं पडणार. म्हणजे त्या माणसाला आधी चांगला करायला हवा होता. नुसतं ‘चांगले होते’ म्हणून भागणार नव्हतं. दाखवायला हवं होतं, आणि ते तिच्याजवळ होतं. घोंगडीवर बसलेलं पांढरं धोतर. ‘तुझी आहे तशी माझीही आहे.’

दोन रविवार तिनं त्या एका पानाशी झुंज घेतली. लिहायची, खोडायची. कमी लिहिलं तर खोटं वाटे, आणि खरं लिहिलं तर डोळे भरत, त्या डोळ्यांचा तिला संताप येई. तो नसता तर ती आज गिरणीत सूत उकलत बसली असती, हे कागदावर आलं तेव्हा तिनं लेखणी आपटली. टाक वाकला. बसम्मानं नवा टाक आणून दिला.

“गाळ की ते,” बसम्मा म्हणाली.

“न्हाय,” सारजा म्हणाली. तावात आली की तिची वाडीची बोली बाहेर पडायची. “ते खरं हाय म्हणूनच त्याला जास्त लागंल. उंचावर चढवल्याबिगर माणूस पडतोय व्हय?”

आईचं मरणही पुन्हा लिहावं लागलं, थोडक्यात. ऐकणाऱ्यांचे डोळे नेमके कुठं पाणावतील याचा अंदाज घेत तिनं एकेक वाक्य ठेवलं, उचललं, हलवलं. मध्येच तिला वाटलं, आपण मेलेल्या आईला औताला जुंपतो आहोत. पण ती थांबली नाही. आईला विचारलं असतं तर आईनंही जू मानेवर घेतलं असतं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. समजूत पुरती पटली नाही, ही गोष्ट वेगळी.

एक प्रत क्रमांक घालून वाचनालयात गेली. तीन आठवड्यांनी निकाल आला. पहिला क्रमांक सारजाचा.

मास्तरांनी तिला शाळेत गाठून पाठीवर थोपटलं. अक्षर त्यांनी ओळखलं होतं की गोष्ट, कोण जाणे. पण त्यांचा आवाज जड झाला होता. “सारजे, वही भिजल्याचं लिहिलंस. मोठ्या मनाची आहेस.” त्यांना वाटलं होतं, पोरीनं माफ केलं. सारजानं मान खाली घातली. चेहरा दिसू नये म्हणून.

सभेला वाचनालयाचं दालन भरलं होतं. पुढं वकील, डॉक्टर, पागोटी, उपरणी. मागं तालुक्यांतून आलेले शिक्षक. बार्शीचे, माळशिरसचे, सांगोल्याचे. दाराशी धोंडीराम उभा होता. पोरीला बक्षीस मिळतंय म्हणून तो गिरणीतून परस्पर आला होता, सुताचे धागे अजून मुंडाशाला चिकटलेले. त्याला बोलवावं की नाही याचा सारजानं बराच विचार केला होता. शेवटी, आपलं म्हणावं असं एक तरी माणूस समोर असू दे, एवढ्यासाठी बोलावलं.

सिद्धाराम मास्तरांनी प्रास्ताविक केलं. “आजच्या काळात गुरूविषयी एवढी श्रद्धा दुर्मीळ,” असं म्हणाले. टाळ्या पडल्या. सारजा उभी राहिली आणि पदराखालची दुसरी प्रत तिनं टेबलावर उलगडली.

आरंभ तिनं सावकाश वाचला. वाडी, साथ, आई. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्याला लावले. मग खोली, घोंगडी, गुरुजी. ‘ही मुलगी तुझी आहे तशी माझीही आहे,’ हे वाक्य आलं तेव्हा मास्तरांनी चष्मा काढून पुसला. दाराशी धोंडीरामनं शेजारच्याला कोपर मारलं, म्हणजे हे आमच्या घरी घडलंय बरं का. मग वही. मुलगी वही गुरुजींच्या हातात देते. चार दिवसांनी गुरुजी सांगतात, वही गहाळ झाली.

इथं तिनं पान उलटलं.

“‘वही पावसात भिजली नव्हती,’” ती वाचू लागली. “‘दोन वर्षांनी ती मला सापडली. वाचनालयात, एका मासिकात छापलेली. माझी आई, माझं घर, माझ्या आईचं मरण. खाली नाव गुरुजींचं.’”

मास्तरांचा चष्मा हातातच राहिला. सभेला अजून काही उमगलं नव्हतं. सगळे पुढं सरसावून ऐकत होते. सारजानं आवाज चढवला नाही. उलट उतरवला.

“‘त्या पानावर एक वाक्य होतं: आईची नजर भिंतीला टेकलेल्या पामरावर खिळली होती.’”

ते वाक्य तिथं कुणाला पाठ नव्हतं? दीडशे माना एकदम अध्यक्षांच्या खुर्चीकडे वळल्या. सारजानं ठरवलं होतं, इथं थांबायचं, मनात पाच मोजायचे, आणि मग म्हणायचं, तिथं पामर नव्हता. आठ वर्षं तिनं ते तीन शब्द जपून ठेवले होते. एक. दोन. तीन.

“पामर? कसला पामर?” दाराकडून आवाज आला. “पाभर व्हती ती!”

धोंडीराम माणसांतून वाट काढत पुढं येत होता. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. तो धडा त्यानं जन्मात ऐकला नव्हता. “पाभर. म्या सोता टेकवली हुती भिताडाला. हस्ताची ओल निगून चालली हुती न् पेरा ऱ्हायला हुता. बजा तिच्याकडंच बगत गेली. म्या हुतो तितं, ही पोर हुती. तिसरं कोन बी नव्हतं.” तो टेबलापाशी येऊन थांबला आणि त्यानं मास्तरांकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ. “मास्तर, तुमी कवा आलता आमच्या वाडीला?”

मास्तरांनी टेबलावरची घंटा वाजवली. एकदा, दोनदा. “हा निबंध आमच्यापुढं आलेलाच नव्हे,” ते म्हणाले. “ही फसवणूक आहे.”

पण मागच्या रांगा उठल्या होत्या. माळशिरसकडचे एक शिक्षक कपाळावर हात मारून मोठ्यानं म्हणाले, “अरं देवा! सात वर्षं पोरींस्नी नम्रता शिकवली की मी!” आणि लोक हसले. आधी मागचे, मग मधले, मग पुढं बसलेल्या वकिलांनीही तोंडावर उपरणं धरलं. त्या हसण्यात मास्तर बसून राहिले.

सारजाच्या हातात अजून दीड पान होतं. उकल. ते कुणी ऐकलंच नाही. तिला कळस हवा तसा मिळाला होता, पण तो तिच्या तोंडून नव्हता निघाला. बापानं आपणहून, काही न समजता, तिच्या ताटातला घास उचलला होता. परतताना धोंडीराम सारखा विचारत होता, “पोरी, मला आदी का न्हाय सांगितलं? मी त्येच्यापुढं पायताणं काडत हुतो की गं.”

बक्षीस रद्द झालं. द्यायची प्रत एक आणि वाचलेली दुसरी, हे नियमाला धरून नव्हतंच. शाळेच्या समितीनं खुलासा मागितला. पण तेवढ्यात सोलापूरनं आपला निवाडा देऊन टाकला होता. सिद्धाराम मास्तर रस्त्यानं निघाले की मागून पोरं ओरडायची, “पामर मास्तर!” पानाच्या दुकानात, टांग्याच्या अड्ड्यावर, कोर्टाच्या ओसरीवर, नाव चिकटलं ते चिकटलं. सारजा ते ऐकायची आणि भाकरी दोन घास जास्त खायची.

पंधरा दिवसांनी मधल्या सुटीत मास्तर तिच्या वर्गात आले. पोरी बाहेर खेळत होत्या. ते बाकावर बसले, मुलींच्या त्या बुटक्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन.

“पुढच्या छपाईत मी दुरुस्ती करीन म्हणतो,” ते म्हणाले. “पाभरीवर, असं.”

“आणि नाव?”

मास्तरांनी बाकावरची खडूची धूळ झटकली. मग म्हणाले, “पुढं एक वाक्य होतं. मला ते लागलं नव्हतं, म्हणून गाळलं. चाड्यात की काय... ते काय होतं, सारजे? मी रोज आठवायचा प्रयत्न करतो.”

त्यांचा आवाज खरा होता. लिहिणाऱ्या माणसाचा होता. तिच्या मनात एक क्षण आलं, सांगावं. दुसऱ्या क्षणी तिनं तो विचार मुळासकट उपटला.

“त्या वाक्यात चाड होती, मास्तर,” ती म्हणाली. “तुम्हाला लागली नाही, हे बरोबरच झालं.”

ते उठून गेले. जाताना दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा लागला.

पुढच्या वर्षी वाचनपुस्तकातून तो धडाच गेला. त्याच्या जागी पोस्टमनवर एक धडा आला. बसम्मा म्हणाली, “आता तू लिही ना तुझ्या नावानं.” सारजानं लिहायला घेतलंही. पण आई येईना. आई यायच्या आधी मास्तर यायचे, घंटा यायची, हसणारे वकील यायचे. तीनदा लिहून तीनदा फाडलं. तिला त्याचं वाईट वाटलं, पण सभेतल्या दिवसाचं नाही. तो दिवस पुन्हा मिळाला असता तर तिनं पुन्हा तेच केलं असतं, असं ती बसम्माला रोखठोक सांगायची.

समितीला खुलासा तिनं दिलाच नाही, शेवटी राजीनामा दिला. बार्शीला मुलींची एक खासगी शाळा होती, तिथं तिला जागा मिळाली. धोंडीरामनं गिरणी सोडली नाही. शनिवारी गाडीत बसून तो तिच्याकडे यायचा, सोमवारी भोंग्याच्या आत परत.

सदतीस साली बार्शीच्या पत्त्यावर एक छापील निमंत्रण आलं. सिद्धाराम मास्तर निवृत्त होत होते. सर्व माजी विद्यार्थिनींनी अगत्य यावे. कुणीतरी जुन्या यादीवरून पत्ते काढले असणार. निंगव्वा म्हणून बार्शीची एक सहकारी शिक्षिका होती, ती निमंत्रण वाचून म्हणाली, “जाऊ नका बाई. म्हाताऱ्या माणसाचा शेवटचा मान. झालं गेलं सोडा.”

सारजा गेली. बार्शीची छोटी गाडी, कुर्डुवाडीला बदल, आणि दुपारच्या आत सोलापूर. नवं पांढरं लुगडं नेसून ती शाळेच्या पटांगणात पोचली आणि सरळ पुढच्या रांगेत, अध्यक्षांच्या टेबलासमोर जाऊन बसली. आजूबाजूच्या बायका जराशा सरकल्या. ती कुणाशी बोलली नाही. पिशवीतून तिनं काही काढलं नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

चौघांची भाषणं झाली. हार घातले गेले. मग मास्तर बोलायला उठले. ते वाळले होते, कोट खांद्यावरून ओघळत होता. खिशातून लिहून आणलेला कागद काढून त्यांनी चष्मा लावला, समोर पाहिलं, आणि त्यांना सारजा दिसली.

“भगिनींनो,” ते म्हणाले. “मी एक साधा...”

पुढचा शब्द सगळ्या पटांगणाला ठाऊक होता. भाषणात इथं नम्र माणूस जो शब्द घालतो तोच कागदावर असणार. मागं कुणीतरी फिसकन हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. मास्तर कागदाकडे पाहत राहिले. वाऱ्यानं कागद फडफडला. सारजानं नजर हलवली नाही. पापणीसुद्धा नाही.

मास्तरांनी कागदाची घडी घातली, हात जोडले आणि खाली बसले.

टाळ्या वाजल्या, थोड्या उशिरानं. चिवडा आणि पेढे वाटले गेले. सारजानं तिच्या वाट्याचा पेढा खाल्ला, द्रोण नीट दुमडून टोपलीत टाकला, आणि तीनच्या गाडीला उशीर नको म्हणून टांगा केला. निंगव्वानं दुसऱ्या दिवशी विचारलं, “मग? बरं वाटलं का?”

“व्हय,” सारजा म्हणाली, “लई बरं वाटलं,” आणि हजेरी घ्यायला वर्गात गेली.